वाचकांचे प्रश्न : भर पावसात सुकणारी फुलझाडे

प्रश्न : आमच्या परसातील चार वर्षांच्या मोगऱ्याची दोन झुडपे यंदा श्रावणात, पावसाची उघडीप नसतानाही सुकली. पाणी तुंबत नाही, पानांवर कीड नाही. त्यांतले एक ओढून पाहिले, तर अलगद हातात आले. शेजारचे गुलाब आता कसे वाचवावेत?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ‘अलगद हातात आले’ यातच निदान आहे. मूळकूज असती, तर काळी पडलेली, बुळबुळीत मुळे दिसली असती. आपल्या झुडपाला तंतुमुळे जवळपास उरलीच नसतील आणि जाड मुळांची साल कुरतडलेली असेल. त्या खड्ड्यात वीतभर खोल उकरल्यावर तपकिरी डोक्याची, विळ्यासारखी वाकलेली पांढरट अळी सापडली, तर ती हुमणी समजावी. निपाणी-चिकोडीकडील ऊसकऱ्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. कन्नडमध्ये तिला ‘गोण्णे हुळू’ म्हणतात. आपल्या भागात दुकानात किंवा कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करताना हाच शब्द अधिक उपयोगी पडतो.

या दिवसांत अळी बोटाएवढी जाड झालेली असते आणि तिच्यावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून गुलाबाच्या बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलकेच उकरून अळ्या वेचाव्यात व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकाव्यात. काम किळसवाणे आहे, पण चार-सहा झाडांसाठी याहून खात्रीचा उपाय नाही. त्यानंतर मेटाऱ्हायझियम ही अळीला रोग लावणारी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत घालावी, आणि त्या सुमारास बुरशीनाशकाची आळवणी करू नये (म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतू नये), कारण त्याने हीच बुरशी मरते. फोरेट हे कीटकनाशक मागणारे अजूनही भेटतात. त्याच्या वापरावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे.

खरा बंदोबस्त मात्र वळवाच्या पावसातच करायचा असतो. पहिला दमदार वळीव झाला, की मातीत दडलेले भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर गोळा होतात, आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मातीत शिरतात. एकेक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते, हे लक्षात घेतले, तर त्या तीन-चार रात्री झाडाखाली जुने लुगडे अंथरून फांद्या हलवण्याचा आणि पडलेले भुंगेरे वेचण्याचा खटाटोप जड वाटणार नाही. हे शेजाऱ्यांसह केले, तरच त्याचा उपयोग आहे. भुंगेरा कुंपण मानत नाही.

प्रश्न : कुंडीतल्या शेणखतात जाड पांढऱ्या अळ्या आहेत, पण शेवंती टवटवीत आहे. हीच हुमणी का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अळी फरशीवर ठेवून पाहावी. ती उताणी होऊन पाठीवर सरपटत चालू लागली, तर ती कुजके खत खाणारी आहे आणि तिला खुशाल खतखड्ड्यात सोडावे. हुमणी पाठीवर चालत नाही. ती कुशीवर वाकून पडून राहते.