कोचीतला एक दिवस, दोघींसाठी

प्रश्न : माझे वय ६३, मैत्रिणीचे ६५. आम्ही दोघींनी अनेक वर्षे एकाच शाळेत शिकवले. तिच्या भाचीचे लग्न येत्या जानेवारीत शनिवारी एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागात, आहे. आम्ही बुधवारी रात्री पोहोचू. गुरुवार आणि शुक्रवार यांपैकी एकच दिवस फिरायला मिळेल, दुसरा लग्नघरी द्यावा लागेल. मैत्रिणीचे गुडघे दुखतात, पण तिला इतिहासाची फार आवड आहे. मला मात्र पाण्याकाठी निवांत बसायला मिळाले तरी पुरे. टॅक्सीवाल्याने बारा ठिकाणांची यादी पाठवली आहे. काय पाहावे आणि काय सोडावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : फिरण्यासाठी गुरुवारच ठेवावा. जुन्या कोचीतल्या मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, आणि तेथून चालत काही मिनिटांवर असलेले ज्यूंचे प्रार्थनास्थळ शुक्रवारी दुपारनंतर व शनिवारी पूर्ण दिवस बंद असते. ही माहिती मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीला घेऊन मी शुक्रवारी तेथे गेलो होतो. राजवाड्याच्या बंद दारासमोर उभी राहून ती अस्सल वऱ्हाडीत म्हणाली, "कुलूप पाहायले आलो का आपण एवढ्या दूर?" या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते आणि आजही नाही.

टॅक्सीवाल्याची यादी बाजूला ठेवावी. बारा ठिकाणे पाहायची म्हटली तर दिवसाचा निम्मा वेळ पुलांवरच्या वाहतुकीत जाईल, आणि प्रत्येक ठिकाणी उतरण्या-चढण्यानेच गुडघे बोलू लागतील. कोची हे बंदराचे शहर आहे. ते रस्त्याने जाऊन नीट कळत नाही, पाण्यावरून कळते. म्हणून दिवसाची सुरुवात बोटीने करावी. एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोच्या बोटी जातात. वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीचा मार्ग त्यानंतरचा. या बोटी बॅटरीवर चालतात आणि कोचीच्याच गोदीत बांधलेल्या आहेत. तुमच्या मैत्रिणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या सेवेचे धक्के तरंगते आहेत, त्यामुळे भरती असो वा ओहोटी, धक्का आणि बोटीची फळी एकाच पातळीत राहतात आणि पाय उचलून उडी टाकावी लागत नाही. सरकारी जुन्या बोटी आणखी स्वस्त आहेत आणि मला स्वतःला त्याच अधिक आवडतात, पण त्यांत चढताना काठ ओलांडावा लागतो, म्हणून या वेळी तो मोह टाळावा.

बोटीत डाव्या बाजूला बसावे. त्या बाजूला जे विलिंग्डन बेट दिसते, ते निसर्गाने घडवलेले नाही. कोचीच्या मुखाशी वाळूचा बांध होता आणि मोठी जहाजे त्यामुळे बाहेरच नांगर टाकून उभी राहत. रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता १९२० मध्ये येथे आला. त्याने तो बांध कापून आत खोल वाट काढली, आणि उपसलेल्या गाळाचाच भराव घालून हे बेट उभे केले. १९२८ मध्ये पहिले मोठे जहाज आतल्या बंदरात शिरले. त्याही आधीची कथा अशी सांगतात की १३४१ च्या महापुरात पेरियार नदीने आपली वाट बदलली, उत्तरेकडचे मुझिरीस हे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि कोचीचे मुख मोकळे झाले. म्हणजे पाण्याने जे बंदर दिले, तेच पुढे माणसाने पाण्याखालची माती उपसून मोठे केले. उजव्या हाताला वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन दिसतील. इतिहासाची आवड असलेल्या मैत्रिणीला आधी डावी बाजू दाखवा आणि मग उजवी.

फोर्ट कोचीला उतरल्यावर तेथे थांबू नये. रिक्षा करून सरळ मट्टनचेरीला जावे आणि राजवाडा उघडताच, म्हणजे दहाच्या सुमारास, आत शिरावे. त्याला सगळे डच पॅलेस म्हणतात, पण तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला. डचांनी १६६३ नंतर त्याची डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचे राहिले. येथे जिना चढावा लागतो, हे आधीच सांगतो. दिवसभरात गुडघ्यांची हीच एक परीक्षा आहे आणि ती द्यावी, असे माझे मत आहे. वर राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञापासून राम अयोध्येला परत येतो तोपर्यंत कथा भिंतीभर पसरलेली आहे. रामटेकला लहानपणापासून जाणाऱ्या नागपूरकरांना ही कथा तोंडपाठ असते, तरी पहिली काही मिनिटे आपल्याला कोण राम आणि कोण लक्ष्मण हे कळतच नाही, कारण लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत आकृती एकमेकींना इतक्या चिकटून काढल्या आहेत की मोकळी जागा शिल्लकच नाही. खोलीत उजेड मंद असतो. डोळे स्थिरावू द्यावेत, मग एकेक मुकुट सुटा दिसू लागतो. या एका खोलीला अर्धा तास दिला तरी तो वाया जाणार नाही. बाकी दालनांतील पालख्या आणि राजांची चित्रे चालता चालता पाहिली तरी चालेल.

तेथून ज्यू टाऊनच्या गल्लीत जावे. परदेशी सिनेगॉग हे प्रार्थनास्थळ १५६८ चे आहे आणि त्याचा घड्याळाचा मनोरा १७६० चा. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ते एका अर्थी बरेच आहे, कारण पायाखालच्या फरश्या हीच येथील मुख्य गोष्ट आहे. निळ्या-पांढऱ्या रंगांत हाताने रंगवलेल्या या फरश्या अठराव्या शतकात चीनच्या कँटनहून आल्या. एकासारखी दुसरी नाही, असे सांगितले जाते. खाली वाकून दोन शेजारच्या फरश्यांवरील झाडे ताडून पाहा, रंगवणाऱ्याचा हात कुठे थकला होता ते कळते. दुपारी एकच्या आत येथून बाहेर पडावे, कारण नंतर ते काही वेळ बंद असते. गल्लीतील दुकानांत शिरणे ऐच्छिक आहे. फक्त रिक्षावाल्याने स्वतःहून एखाद्या दुकानापुढे रिक्षा उभी केली, तर नम्रपणे नाही म्हणावे.

मट्टनचेरीत कान उघडे ठेवावेत. गोव्यातून सोळाव्या शतकात बाहेर पडलेली गौड सारस्वत कुटुंबे येथे वसली, आणि त्यांची कोंकणी आपल्याला निम्मी तरी समजते. डच गव्हर्नर व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून अॅम्स्टरडॅमला छापला. त्या कामात केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांचे १६७५ मधील निवेदन कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत आपली लिपी युरोपात छापली गेली आणि तिची वाट या गल्ल्यांतून गेली होती. हे ऐकल्यावर तुमच्या मैत्रिणीला बसायला खुर्ची लागणार नाही, असे वाटते.

जेवण झाल्यावर दोन तास सावलीत काढावेत. नागपूरचे ऊन आपल्याला सवयीचे असले, तरी ते कोरडे असते. कोचीत जानेवारीतही घाम वाळत नाही, आणि आपल्याकडचा कूलर तेथे निरुपयोगी ठरेल, इतकी हवा दमट असते. सुती कपडे घालावेत आणि पाणी सोबत ठेवावे.

चारनंतर फोर्ट कोचीला परत यावे. आता दोघींनी तासभर वेगळे व्हावे, हा माझा आग्रह आहे. मैत्रिणीने सेंट फ्रान्सिस चर्च पाहावे आणि तुम्ही किनाऱ्यावर चिनी जाळ्यांसमोर जागा धरावी. सोबत जायचे म्हणजे प्रत्येक पायरी सोबतच चढायची, असे काही नाही. ही जाळी पाहण्यासारखी आहेत. लांब लाकडी तुळईच्या एका टोकाला पसरलेले जाळे असते आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे धोंडे. एक माणूस तुळईवरून चालत जातो, त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-सहा जण मिळून दोर ओढतात. दोरांची लांबी कमी-जास्त असते, त्यामुळे जाळे वर येताना धोंडे एकदम नव्हे, तर एकामागून एक खाली टेकतात आणि तोल शेवटपर्यंत राहतो. मासे किती मिळाले हे पाहून मात्र हिरमोड होतो. कोणी दोर ओढायला बोलावले, तर पैसे किती द्यायचे ते आधी विचारून घ्यावे. सूर्य मावळला की परतीची बोट धरावी, आणि त्या दिवशी परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी.

प्रश्न : वास्को द गामाची समाधी कोचीत आहे, असे मुलाला सांगितले. ते बरोबर आहे का?
— एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : अर्धे बरोबर आहे. तो २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या आणि आज त्या लिस्बनला आहेत. चर्चमध्ये जी शिळा दिसते, ती त्या जागेची खूण आहे. मुलाला घेऊन जाल तेव्हा छताला लटकणारे कापडी पंखेही दाखवा. ते बाहेर बसलेला माणूस दोरीने ओढत असे.