जाहिरातीचे नको असलेले ईमेल थांबवायला भारतात कायदा आहे का? तक्रार कुठे करायची?

फक्त ईमेलसाठी असा वेगळा कायदा भारतात नाही. तुम्ही लिहिलंय की कुठल्यातरी क्लासचे आणि कर्जतच्या प्लॉटवाल्यांचे मेल रोज येतात, अनसबस्क्राइब करूनही थांबत नाहीत, तर 1909 वर तक्रार करू का. करून उपयोग नाही. 1909 हे फोन आणि एसएमएससाठी आहे. ट्राय म्हणजे टेलिकॉमचं नियामक प्राधिकरण, त्यांचे 2018 चे नियम टेलिकॉमपुरते, ईमेल त्यात येतच नाही.

एवढं सांगून मी उठले असते. पण तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ वाचली, 'मित्र म्हणतो कायदाच नाही तर त्यांची चूक काय', आणि डोक्यात तिडीक गेली. हे वाक्य मी आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं आहे.

आमचा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छोटा प्रेस आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता एक ऑफसेट आणि एक डिजिटल. बिलबुकं, पावतीपुस्तकं, लेटरहेड, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. लग्नपत्रिका हा आमचा मोठा धंदा होता, करोनात तो व्हॉट्सॅपवर गेला तो परत आलाच नाही. त्या पडत्या काळात माझ्या दिरांना कुणीतरी 'डेटा' विकला. ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा, सोसायट्या, कारखाने, डॉक्टर, सगळ्यांचे पत्ते एका एक्सेल फाइलमध्ये, आणि मेल पाठवून द्यायचं कामही त्याच पैशात. कोटेशनं आणि वसुली माझ्याकडे असते, म्हणून मी नको म्हटलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे याला कायदा नाही. मी बघून घेतलंय." आणि खरंच बघून घेतलं होतं. एरवी हा माणूस जीएसटीची नोटीससुद्धा उघडून बघत नाही.

मेल गेले. थोड्याच दिवसांत वाशीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी प्रेसच्या दारात उभे. सत्तरीपुढचे गृहस्थ, भर पावसात ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरून रिक्षाने आलेले. छत्री दाराबाहेर टेकवली, रेक्झिनच्या बॅगेतून व्हाउचरची फाइल काढली आणि तिच्यावर आमच्या मेलची प्रिंट ठेवली. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: 'आरई: पेमेंट पेंडिंग, अर्जंट', जणू आधीच्या एखाद्या मेलचं उत्तर. खाली काय, तर पावतीपुस्तकांवर वीस टक्के सूट. काकांनी फोनवर फक्त विषय वाचला होता. रात्री खजिनदाराला उठवून दोघांनी वर्षभराची व्हाउचरं चाळली होती. "तुमच्याकडे आमचं कधी काम झालंच नाही, मग पेंडिंग काय आहे?"

भाऊजी हसले. "काका, मार्केटिंग असतं ते. नाहीतर कोण उघडतं मेल?"

काकांनी विषयाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खोटं आहे की खरं, एवढंच सांगा."

भाऊजींनी पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. काका चहा यायच्या आत निघून गेले. जाताना मला म्हणाले, "सुनबाई, तुम्ही तरी लक्ष द्या." त्या दिवसापासून मी या विषयात शिरले. प्लेट लागेपर्यंत, शाई वाळेपर्यंत हाताशी वेळ असतोच.

अमेरिकेत याला 'कॅन-स्पॅम' नावाचा कायदा आहे. डिसेंबर 2003 मध्ये सही झाली, 1 जानेवारी 2004 पासून लागू. त्यात नेमकं काकांनी बोट ठेवलं तेच आहे: विषयाच्या ओळीने वाचणाऱ्याला फसवायचं नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता खोटा नको, जाहिरात असेल तर तसं कळायला हवं, टपालाचा खरा पत्ता हवा, नको म्हणायची सोय हवी आणि कुणी नको म्हटलं की कामाच्या दहा दिवसांत थांबायचं. मोडलं तर एकेका मेलमागे 50 हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो.

हे मी भाऊजींना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, मेल मी कुठे पाठवला, डेटावाल्याने पाठवला. त्याच्या पुढचाच परिच्छेद दाखवला. ज्याच्या मालाची जाहिरात आहे तोही जबाबदार, काम बाहेर दिलं म्हणून सुटका नाही. मग त्यांनी दुसरी बाजू काढली आणि ती, सांगायला जड जातंय, पण बरोबर होती. अमेरिकेत आधी विचारायची गरजच नाही. अनोळखी माणसाला पहिला मेल बिनदिक्कत पाठवता येतो, तो नको म्हणाला की थांबायचं, बस. म्हणजे ती विषयाची खोटी ओळ बदलली, जाहिरात आहे हे कळू दिलं आणि खाली पत्ता व अनसबस्क्राइब टाकलं, तर भाऊजींचा मेल तिकडे कायदेशीर. शिवाय सामान्य माणसाला त्या कायद्याखाली स्वतः दावा लावता येत नाही. तिथला व्यापार आयोग, राज्यांचे महाधिवक्ते आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या, एवढेच लावू शकतात. म्हणून 'अमेरिकेसारखा कायदा आणा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तसला कायदा इथे आला तर डेटावाल्यांना परवानाच मिळेल.

आणायचाच तर कॅनडासारखा आणा. तिकडे 1 जुलै 2014 पासून आधी संमती, मग मेल. कंपनीला एक कोटी डॉलरपर्यंत दंड. आणि मेल कॅनडातल्या कॉम्प्युटरवर उघडला गेला तरी तो कायदा लागतो. हे आम्हाला कसं कळलं? त्या एक्सेलमधला एक पत्ता निघाला ठाण्याहून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या एका बाईंचा. त्यांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं, खाली कायद्याची लिंक. तिकडून कोण कशाला वागळे इस्टेटपर्यंत येतंय, पण भाऊजी दोन दिवस गप्प होते. युरोपातही 2002 च्या निर्देशापासून आधी संमती हाच नियम आहे.

आता आपल्याकडे. एकेकाळी आपल्याकडे ईमेलसाठी तरतूद होती, हे फारसं कुणी सांगत नाही. आयटी कायद्याचं कलम 66अ. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात त्रास देण्यासाठी किंवा मेल कुणाकडून आला याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या मेलला तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण पोलिसांनी ते कलम वापरलं कुठे? नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यावरून श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 ला अख्खं कलम रद्द झालं. रद्द झालं ते बरंच झालं, इतकं मोघम कलम कुणाच्याही हातात नको. पण त्यासोबत ईमेलची तरतूदही गेली आणि नीट बेतलेली दुसरी कुणी आणली नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातही असंच झालं. एका मोठ्या स्पॅमरला नऊ वर्षांची शिक्षा झाली होती, पण तो कायदा राजकीय आणि धार्मिक निनावी मेललाही लागू पडतो म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तो रद्द केला आणि शिक्षाही गेली. मसुदा ढिला असला की फायदा नेमका अशाच लोकांचा होतो.

भाऊजींना कोर्टाचा त्रास झाला नाही, पण प्रेसला झाला. डेटावाल्याने मेल आमच्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणाऱ्या आमच्या नावावरून, सोडले होते. लोकांनी धडाधड 'स्पॅम' दाबलं. हा शेरा डोमेनच्या नावावर चिकटतो, मग पाठवणारा कुणीही असो. त्यानंतर मी पाठवलेली कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडायला लागली. दिवस कोणते, तर ऑगस्टचे. 30 सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात, अहवालांचा मुख्य हंगाम. ऐरोलीच्या एका सोसायटीचा अहवाल सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे छापला जायचा. त्यांनी वाट बघून दुसरीकडे दिला. मी फोन केला तर तिकडून, "मॅडम, तुमचं कोटेशनच आलं नाही." मी पाठवलेला मेल माझ्या समोर उघडा होता, वेळेसकट. पुढे एका मुलाला बसवून डोमेनचं एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच आपल्याकडूनच आला हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) सगळं लावून घेतलं, तरी गाडी रुळावर यायला महिने गेले. भाऊजी आजही म्हणतात की ती सोसायटी रेटमुळे गेली. रेट गेल्या वर्षीचाच होता. कोटेशनची फाइल माझ्याकडे आहे.

आता तर आणखी कडक झालंय. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना (जीमेलपुरतं दिवसाला 5,000 च्या वर) एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब हवं, ते दोन दिवसांत पाळायचं, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली ठेवायच्या. म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला: नुसतं डिलीट करू नका, 'स्पॅम' दाबा. सध्या त्या क्लासवाल्याला खरा चटका तिथेच बसतो. अनसबस्क्राइब फक्त ओळखीच्या, खऱ्या कंपनीचं दाबा. अनोळखी मेलमधलं दाबलंत तर पत्ता चालू आहे एवढं त्याला कळतं आणि मेल वाढू शकतात.

पैसे गेले असतील तर गोष्ट वेगळी. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं असेल तर आयटी कायद्याचं 66ड आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. खोटी ऑफर असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे आणि त्यात जाहिरात मेलने आली की भिंतीवर रंगवली याला महत्त्व नाही. काकांचा कागद मी याच कलमात बसवला असता.

आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण संमतीचा भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या सुमारास लागू होईल. तेव्हा ती एक्सेल फाइल खरेदी करणाराही अडचणीत येऊ शकतो, कारण त्यातल्या एकानेही आम्हाला संमती दिलेली नाही. बातम्यांत 250 कोटींचा आकडा वाचला असेल, तो डेटा नीट न सांभाळण्यासाठी आहे. संमतीबिंमतीच्या चुकांना 50 कोटींपर्यंत. भाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आपला प्रेस विकला तरी एवढे येणार नाहीत. बरोबर आहे, पण फाइल अजून कॉम्प्युटरवर ठेवलीच आहे ना.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हा कायदा माणसाच्या वैयक्तिक माहितीपुरता आहे, त्यामुळे कंपनीच्या 'इन्फो'ने सुरू होणाऱ्या पत्त्याला तो लागेलच असं नाही. आणि तुमचा पत्ता तुम्ही स्वतःच जाहीर केला असेल तर त्यालाही नाही, म्हणून वेबसाइटवर, ग्रुपवर पत्ता टाकताना हात आखडता घ्या. मी वकील नाही, प्रेसवाली आहे, मोठी रक्कम अडकली असेल तर वकिलाला विचारा. तक्रार करणार असाल तर नुसता स्क्रीनशॉट देऊ नका, मूळ मेल हेडरसकट (तो कुठून, कसा आला याच्या नोंदीसकट) जपून ठेवा, जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबलं की सगळं दिसतं. आणि त्या डेटा कायद्यात उगाच खोटी तक्रार केल्यास तक्रारदारालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, तेव्हा क्लासवाल्याकडे चौकशीचा फॉर्म आपणच भरला होता का, ते आधी आठवून बघा.