‘रिंगफोर्ट’ला किल्ला म्हणावे की गढी?

आयर्लंडच्या बरेन प्रदेशावरील लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘रिंगफोर्ट’साठी ‘वर्तुळाकार किल्ला’ चालेल का, आणि त्याच्या आसपासच्या पुरातन खाणाखुणांना काय म्हणावे.

शब्दशः पाहिले तर ‘वर्तुळाकार किल्ला’ चुकीचे नाही. परंतु किल्ला म्हटले की मराठी वाचकाला राजगड नाहीतर जंजिरा दिसतो, शिबंदी, दारूकोठार आणि वेढा आठवतो, आणि येथे तर तसे काहीच नाही. आयर्लंडमध्ये अशा वास्तू ४०,००० हून अधिक असल्याचे मानले जाते. त्यांतील बहुतेक इ. स. ६०० ते ९०० या काळातल्या असून, वर्तुळाकार खंदक खणून निघालेली माती आतल्या बाजूने बांधासारखी चढवायची आणि साधारण ३० मीटर व्यासाच्या त्या रिंगणात एका सधन कुटुंबाने घर करून राहायचे, अशी त्यांची रीत होती. त्या समाजात गुरे हीच संपत्ती होती आणि ती पळवून नेणारेही पुष्कळ होते.

म्हणून मी ‘गढी’ सुचवतो. पाटील-देशमुखांची गढीही किल्ला नसून तटाआडचे नांदते घरच असते. आपली गढी बहुधा चौकोनी आणि बुरुजांची असते, हा फरक उरतोच. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘गोल गढी’ लिहावे आणि पुढे नुसते ‘गढी’. ‘वर्तुळ’ मात्र नावात नको, कारण आपल्याकडे पुरातत्त्वात ‘शिळावर्तुळ’ हा शब्द रुळलेला आहे, आणि नागपूरजवळच्या जुनापाणी, माहूरझरी येथील शिळावर्तुळे ही दफनस्थाने आहेत, राहती घरे नव्हेत.

आयरिश भाषेत याहून बारीक भेद आहेत. ‘राथ’ म्हणजे मातीचा बांध, ‘लिस’ म्हणजे त्याच्या आतले आवार, आणि दगडी असेल तर ‘कॅशेल’ किंवा ‘कॅहर’. बरेनमधील कॅहरकॉनेल म्हणजे ‘कोनालची दगडी गढी’. त्यामुळे ‘कॅहरकॉनेल किल्ला’ ही ‘सिंहगड किल्ला’सारखीच द्विरुक्ती होते, जरी ती आपण रोज खपवून घेतो. सुमारे ४२ मीटर व्यासाच्या या गढीची भिंत चुना-माती न वापरता नुसते चुनखडकाचे दगड एकमेकांत बसवून रचलेली आहे. अशा रचाईच्या कुंपणाला कोकणात ‘गडगा’ म्हणतात; अनुवादात ‘कोरडी दगडी भिंत’ लिहिण्याऐवजी ‘गडग्यासारखी रचलेली जाड भिंत’ लिहिले, तर बागेभोवतीचा गडगा पाहिलेल्याला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

आता आसपासच्या खुणांविषयी. ‘सभोवतालचे भूदृश्य’ हे भाषांतर जड होते. जुन्या बांधांनी आखलेल्या शेतांचा विषय असेल तेथे ‘शिवार’ आणि एरवी ‘परिसर’ पुरे. एकाच परिसरातले अवशेष एकाच काळातले असतात असे नाही, हे मात्र वाक्यातून दिसले पाहिजे. कॅहरकॉनेलपासून साधारण किलोमीटरभर अंतरावर पोलनाब्रोनचे शिळास्मारक आहे. उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेले ते दफनस्थान पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे, तर गढी दहाव्या शतकाच्या सुमाराची. म्हणून ‘गढी आणि तिचे अवशेष’ असे न लिहिता मी असे लिहीन: ‘कॅहरकॉनेल ही दगडी गोल गढी असून तिच्या परिसरात तिच्याहून कितीतरी प्राचीन दफनस्थानेही आहेत.’