नाशिकमध्ये एक दिवस हाताशी आहे, जुन्या शहराचे चांगले फोटो कुठून मिळतील?

पहाटे सरळ होळकर पुलावर जा. जुने लोक अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. तिथून रामकुंडाकडे पाहिलं की घाट, पायऱ्या, देवळांचे कळस सगळं एका चौकटीत बसतं. सूर्य पंचवटीच्या बाजूने उगवतो, म्हणून सकाळी ऊन पलीकडच्या, गावाकडच्या काठावर पडतं. सुंदरनारायण मंदिर तेव्हाच टिपा. थंडीत पाण्यावर धुकं असेल तर नशीबच!

नारोशंकराचं देऊळ मात्र संध्याकाळसाठी ठेवा. ते पंचवटीच्या काठावर आहे, मावळतीचं ऊन त्याच्या दगडी कोरीवकामावर तिरपं येतं आणि बारीक नक्षी उठून दिसते. वरची ती प्रसिद्ध घंटा चुकवू नका. जवळच दुतोंड्या मारुती. पुराचं पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पूर मोजतात. पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ उतरू नका, वरूनच फोटो घ्या.

रामकुंड सर्वांगाने दिसतं ते कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून. पण एक कळकळीची विनंती: तिथे लोक अस्थिविसर्जनाला, पिंडदानाला येतात. त्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखू नका.

मधल्या वेळात पांडवलेणी. पायऱ्या चढताना दम लागतो, पण २४ लेण्यांसमोरून उत्तरेकडे शहर पसरलेलं दिसतं आणि ऊन आपल्या पाठीशी राहतं. पावसाळा संपता संपता गेलात तर आजूबाजूचे डोंगर हिरवेगार असतात.