आषाढात ये

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'आई-बाबांना पुण्याला आणू का?' एवढंच विचारलंस, आणि खाली चार ओळींत दोघांची तब्येत कशी ठणठणीत आहे तेही लिहिलंस. ठणठणीत असतील तर आणायचं कशाला? आणि आणावंसं वाटतंय, तर मनात कुठेतरी पाल चुकचुकली आहे. तिच्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहितो.

तू घरी येतेस गणपतीला. जमलं तर मे महिन्यात आंब्याला, आणि फारच झालं तर शिमग्याला. म्हणजे आई-बाबा तुला दिसतात ते सणासुदीचे. तू यायच्या आधी पंधरा दिवस घर झाडून-पुसून होतं, माळ्यावरची भांडी खाली येतात, बाबा गुळगुळीत दाढी करून तुला घ्यायला एसटी स्टँडवर हजर असतात. तू आहेस तेवढे दिवस आईचा गुडघा दुखत नाही. तू गेलीस की ती दोन दिवस पडून असते, हे तुला शेजारणीनेही सांगितलं नसणार. ही काही फसवाफसवी नव्हे. लेकरू चार दिवस येतंय, त्याला कशाला घोर, एवढंच त्यामागे असतं. पण त्यामुळे झालंय काय, की तुझ्या डोळ्यांपुढे त्यांचं वय आहे ते भाद्रपदातलं. खरं वय आषाढात दिसतं.

माझी सगळी प्रॅक्टिस याच पंचक्रोशीत गेली. म्हाताऱ्या माणसांची दुखणी ऋतू बघून येतात हे मी पुस्तकात कमी आणि पडवीत बसून जास्त शिकलो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यात जुलैचा वाटा सगळ्यात मोठा. जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं. वीज गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही, आणि विजेमागोमाग रेंज जाते. अशा रात्री सत्तरी ओलांडलेला माणूस लघवीला तीनदा उठतो, कारण प्रोस्टेट. न्हाणी घराच्या मागे, मध्ये चार पायऱ्या, हातात सेल उतरलेली बॅटरी. खुब्याचं हाड मोडायला याहून जास्त काही लागत नाही. खुबा मोडला की ऑपरेशन लवकरात लवकर व्हावं लागतं, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया गाठतो, पाठीला जखमा होतात. आणि नेमकं तेव्हाच घाटात दरड आलेली असते.

यावरचा इलाज किरकोळ आहे. पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने खरवडून घ्यायचं, भिंतीला एक लोखंडी कठडा, न्हाणीत धरायला दांडी आणि वीज गेली की आपोआप लागणारा चार्जिंगचा दिवा. पण हे सुचायला जुलैत त्या पायऱ्यांवरून स्वतः रात्री एकदा जावं लागतं. सप्टेंबरात त्या स्वच्छ असतात. (मागच्या दिवाळीला तू पाठवलेलं पायाला मसाज करणारं मशीन खोक्यासकट कपाटावर आहे. बाबांनी ते मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. वापरतात असं मात्र म्हणाले नाहीत.)

आलीस की आईचा गोळ्यांचा डबा उघड. दहाची पट्टी ती कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे करून ठेवते. नाव एका तुकड्यावर राहतं, तारीख दुसऱ्यावर, आणि तिसरा नुसताच चंदेरी. बीपीची गोळी पांढरी, थायरॉइडची पांढरी, बाबांची साखरेचीही पांढरी. पावसाळी अंधारात चष्मा पुसत पुसत यातली कुठली पोटात जाते, ते देव जाणे. ओरडू नकोस. वारांचे सात खण असलेली डबी मिळते, ती आण आणि तिच्याशेजारी बसून तिलाच भरायला लाव. भरताना तिचा हात कुठे अडतो ते बघ. त्यात आषाढी एकादशी झाली की चातुर्मास, मग श्रावणी सोमवार. बाबा उपास धरतात आणि साखरेची गोळीही नेमाने घेतात. दुपारी घाम फुटून हातपाय कापायला लागले की आई म्हणते पित्त झालं. काही गोळ्या उपाशीपोटी साखर फार खाली नेतात, म्हणून उपासाच्या दिवशी कुठली घ्यायची आणि कुठली नाही, ते त्यांच्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घे. उपास सोडा म्हणून हट्ट करू नकोस. ते सोडणार नाहीत आणि तुला सांगणंही बंद करतील.

आता वैशाखाचं. तू येतेस तेव्हा आंबे, फणस, कोकमं यांतच सगळे गुंतलेले असतात, म्हणून तुला हे दिसूनही दिसत नाही. आपल्याकडे पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं मीठ-पाणी दोन्ही जातं. मग एक दिवस माणूस भलतंच बोलायला लागतो. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतो, गेलेल्या भावाची चौकशी करतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. हे नीट लक्षात ठेव: चांगला बोलता-चालता माणूस दोन-चार दिवसांत बरळायला लागला तर ते म्हातारपण नव्हे, आजार आहे. रक्तातलं सोडियम तपास, साखर तपास, लघवीत जंतुसंसर्ग आहे का बघ. वेळेवर कळलं तर बहुतेक वेळा माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. वेड लागलं म्हणून कोपऱ्यात बसवलेली माणसं सलाइननंतर पेपर मागताना मी पाहिली आहेत.

आणि मे महिन्यातच घराची शाकारणी असते. बाबा छपरावर चढतात हे तुला ठाऊक आहे? गडी मिळत नाही, मिळाला तर त्याचं काम पसंत नाही. 'तुम्ही चढू नका' हे वाक्य वाया जातं. त्याऐवजी तू वर जा, किंवा माणूस वर पाठव, आणि बाबांना खाली खुर्ची टाकून हुकूम सोडायला बसव. कुठलं कौल फुटलंय, कुठे पन्हळ गळते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. तो मान हातात राहिला तर शिडी सुटते. नुसती शिडी काढून घेतलीस तर तू ऑफिसात पोचायच्या आत ते शेजाऱ्याची मागून आणतील.

थंडीचं फार सांगत नाही. गारठ्यात बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, म्हणून एकच डोस डॉक्टरला न विचारता बारा महिने चालवू नये. दर ऋतूत एकदा दाखवावं. फ्लूची लस दर वर्षी घ्यायची असते. नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला असतो. माती-लाकडात घासलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही आणि ते बँकेतून चिडून परत येतात. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, ते तू करून दे. पेन्शनीचं कागदपत्र लेकीने बघितलं तर बाबांना कमीपणा वाटत नाही, बाजाराची पिशवी उचललीस तर वाटतो. का, ते मला विचारू नकोस. एसटीने २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांचं तिकीट माफ केलंय, तेव्हापासून ते कामाशिवायही रत्नागिरीला जाऊन येतात. जाऊ दे. त्यांच्या खिशात तुझा नंबर लिहिलेलं कार्ड असलं म्हणजे झालं.

गणपतीतही बघण्यासारखं असतंच, फक्त आरतीत लक्ष असतं म्हणून सुटतं. गेल्या वर्षी तुमच्याकडे उकडीचे मोदक बाहेरून आले. 'आता खाणारं कोण आहे?' असं आई म्हणाली आणि तुम्ही हसलात. मी तिच्या हातांकडे बघत होतो. मोदकाच्या पाकळ्या काढायला अंगठा आणि तर्जनी चिमटीत घट्ट दाबावी लागते. तिच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला आहे, तिला उकड मळवत नाही. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एकवीसचा नेम मोडला नाही, ती कंटाळा म्हणून मोदक विकत आणते होय? या वर्षी उकड तू मळ. पाकळ्या तुला जमत नाहीत हे मला ठाऊक आहे, तेवढं तिला करू दे. ती तुझ्या मोदकांना नावं ठेवील, आणि त्यात तिची संध्याकाळ छान जाईल.

आता तुझा प्रश्न. पुण्याला आणायचं की नाही, ते आज ठरवू नकोस. एक अख्खं वर्ष वेगवेगळ्या ऋतूंत चार-चार दिवस येऊन राहा. सणाला नव्हे, आडदिवशी. मग कदाचित दिसेल की कठडा, दिवा, डबी आणि सकाळ-संध्याकाळ डोकावणारी एखादी बाई एवढ्यावर भागतंय. नाहीतर दिसेल की भागत नाही. तेव्हा आण, पण दोघांना विचारून आण, आणि मे महिन्यात त्यांना परत जाता येईल अशी सोय ठेव. आंब्याच्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावर कोंडलेला कोकणी माणूस आजारी पडतो असं माझं मत आहे. त्याला वैद्यकशास्त्राचा आधार मागू नकोस.

जुलैची रजा आत्ताच टाक. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, तेवढा वेळ हाताशी ठेव. आईला मात्र आदल्या रात्रीपर्यंत काही कळवू नकोस. आठ दिवस आधी कळलं तर ती त्या शेवाळलेल्या पायऱ्या एकटीच खराट्याने घासायला घेईल.

तुझे,
डॉक्टरकाका