वाचकांचे प्रश्न : भयपटातली भीती जाते कुठे?

प्रश्न : नुकताच एक नवा हिंदी भयपट थिएटरात पाहिला. डोंगरातली हवेली, नवं जोडपं, कुलूपबंद खोली, गूढ बोलणारा म्हातारा नोकर, सगळं होतं. आवाजाने कान किटले, पण भीती म्हणून वाटली नाही. भूत समोर आलं तेव्हा मागच्या रांगेतली मुलं हसत होती. असं का व्हावं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुम्ही दचकला असाल, घाबरला नाहीत. अचानक मोठा आवाज झाला की खांदे उडतात, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया. दार आपटलं तरी ती होते. मात्र तोच धक्का पुनःपुन्हा दिला की शरीर सरावतं. वर आपल्याकडे धक्क्याची पद्धतही ठरून गेली आहे : संगीत थांबतं, नायिका आरशाचं कपाट उघडते, बंद करते आणि आरशात मागे कोणीतरी उभं. दुसऱ्यांदा कपाटाकडे हात गेला की प्रेक्षक आधीच सावरून बसतो.

खरा घोळ आवाजात होतो. पहिल्या मिनिटापासून पार्श्वसंगीत चालूच असेल तर शेवटी कितीही वाढवलं तरी फरक जाणवत नाही, कान फक्त थकतात. ‘महल’ (१९४९) मधलं ‘आयेगा आनेवाला’ आठवा. माइक खोलीच्या मध्यभागी ठेवून लता मंगेशकरांना कोपऱ्यातून गात गात माइककडे यायला सांगितलं होतं. आवाज जवळ येतोय एवढ्यावरच अंगावर काटा येतो. ‘भूत’ (२००३) मध्ये तर एकही गाणं नाही आणि जागा म्हणजे मुंबईतला साधा फ्लॅट, त्यामुळे ताण मध्येच सुटत नाही. तुमच्या सिनेमात हनिमूनचं गाणं नक्की असणार!

हवेलीचा नकाशाही प्रेक्षकाच्या डोक्यात बसावा लागतो. जिना कुठे, कुलूपबंद खोली कोणत्या टोकाला, हे ठाऊक नसेल तर वरून पाऊल वाजल्याचं कोणाला काय? दर दोन सेकंदांनी शॉट बदलला की हा नकाशा तयारच होत नाही.

मुलं हसली त्याचं कारण बहुधा भुताच्या चेहऱ्यात आहे. मनात उभं राहिलेलं भूत पडद्यावरच्यापेक्षा भयंकर असतं. ते भरपूर उजेडात, चार-पाच सेकंद, संगणकावर घडवून दाखवलं आणि खोलीतला दिवा डावीकडे असताना त्याची सावलीही डावीकडेच पडली, की डोळा खोटेपणा ताबडतोब पकडतो. साचलेला ताण मग हसण्यातून बाहेर पडतो. त्यात भुताला नियम नसले, म्हणजे कधी ते भिंतीतून जातं, कधी कडी वाजवत बसतं, तर नायिकेसाठी जीव टांगणीला लागत नाही.

प्रश्न : आम्ही मित्र जुन्या नाशकातल्या वाड्यात मोबाइलवर आठ मिनिटांची भुताची शॉर्ट फिल्म करतोय. या चुका कशा टाळाव्यात?
– दोन विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : आधी वाड्याची अवस्था बघा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशा वाड्यात शूटिंग नकोच. वाडा धड असला तरी माडीवर एका वेळी दोघांपेक्षा जास्त चढू नका.

पहिल्या दीड मिनिटात देवडी, चौक, ओसरी, माजघर, जिना हे सलग, दिवसाउजेडी दाखवा. न लागणारं एखादं दार तेव्हाच नजरेस पडू द्या. पुढे तेच दार लागलेलं दिसलं की भूत दाखवायची गरज उरत नाही.

मिट्ट काळोखात मोबाइल चालवाल तर पडद्यावर नुसते दाणे येतील. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं साधा आणि फ्रेममध्ये एक पिवळा दिवा ठेवा. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येतं तिथे) सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००च्या आत आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या शटरवर दिवे सहसा लुकलुकत नाहीत. ऑटोवर ठेवलंत तर पात्र दिव्यासमोरून जाताच चित्र उजळ-काळं होतं आणि वातावरण तिथेच संपतं.

प्रत्येक खोलीत कोणी न बोलता एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. रिक्षाचा हॉर्न, शेजारचा कुकर, घंटानाद आले की पुन्हा घ्या. एडिटिंगमध्ये (तिथे शून्य डेसिबल म्हणजे सर्वात मोठा आवाज) ही शांतता उणे ४० डेसिबलच्या आसपास, संवाद उणे १२ पर्यंत आणि धक्का उणे ३ पर्यंत ठेवा. धक्का संपूर्ण फिल्ममध्ये एकच, आणि त्याआधी तीन सेकंद संगीत अजिबात नको.

प्रश्न : थिएटरात घाबरवणारा सिनेमा घरच्या टीव्हीवर फुसका का वाटतो?
– एक वाचक, सिडको

उत्तर : टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून खालच्या पट्टीतली घरघर निघतच नाही. शिवाय ‘नाइट मोड’ चालू असेल तर हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीवर येतात, तो बंद करा. ट्यूबलाइट घालवा. हेडफोन असतील तर उत्तम.