सहलीसाठी व्हॉट्सॲप समूहावर आधार कार्डाचा फोटो टाकावा का?

इंदूरमधील आपल्या महाराष्ट्र मंडळाने पचमढीच्या सहलीसाठी सर्वांच्या आधार कार्डांचे फोटो समूहावर मागवले असून ते टाकावेत का, असे आपण विचारले आहे. समूहावर टाकू नयेत. मागणाऱ्या काकांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका नसली, तरी समूहातील अनेकांच्या फोनच्या गॅलरीत तो फोटो आपोआप उतरतो आणि ते फोन पुढे दुरुस्तीला किंवा विक्रीला कोणाच्या हाती जातील, हे सांगता येत नाही. रेल्वे आरक्षणासाठी तर प्रवाशाचे नाव, वय आणि लिंग एवढे कळवले तरी सहसा भागते.

हॉटेलात ओळखपत्र लागतेच. तेथे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपी देऊन ई-आधार डाउनलोड करताना हा पर्याय निवडला, की बारांपैकी पहिले आठ अंक झाकले जातात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. वाढदिवसाच्या शुभेच्छा हौसेने देणाऱ्या मंडळात हे कुलूप नावापुरतेच, म्हणून ती फाइलही फक्त आयोजकांनाच पाठवावी. छापील प्रत दिल्यास तिच्यावर आडवे ‘केवळ पचमढी मुक्कामासाठी’ असे लिहून तारीख घालावी.

आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांवर बँकेतून पैसे काढता येत असल्याने घरातील ज्येष्ठांचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे शारीरिक खुणा, त्याच संकेतस्थळावर लॉक करून ठेवणे मला अधिक निकडीचे वाटते. खात्यातून पैसे गेल्यास विलंब न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.